बॅरेट, ॲस्टन

(२२ नोव्हेंबर १९४६–३ फेब्रुवारी २०२४). जमेकन बास-गिटारवादक, संगीतसंयोजक व ध्वनिमुद्रिका-निर्माता. पूर्ण नाव ॲस्टन फ्रान्सिस बॅरेट. ‘फॅमिली मॅन’ या टोपणनावाने विशेष परिचित. हे नाव त्याने स्वतःच घेतले होते. वाद्यवृंद हे एक कुटुंब असून ते एकत्र राखणे हे आपले काम, असा त्यामागील भाव होता. पुढे तो अनेक मुलांचा पिता झाल्यामुळे लोकांनी त्याचा निराळाच अर्थ लावला. बॉब मार्ली (१९४५–८१) या गायकाच्या ‘वेलर्स’ या वाद्यवृंदाचा तो संगीतप्रमुख होता. रेगे संगीत जगभर ज्या रूपाने ओळखले जाते, ते रूप मुख्यतः त्याच्या व त्याचा धाकटा भाऊ, ड्रमवादक कार्लटन (१९५०–८७) याच्या वादनातून घडले.

जन्म जमेकाची राजधानी किंग्स्टन येथे, गरीब कुटुंबात. सुरुवातीस त्याने वेल्डिंगचे काम केले. वाद्य विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे प्लायवुड व लाकडी पट्टी यांपासून त्याने आपली पहिली बास-गिटार बनविली. कार्लटनने रंगाच्या रिकाम्या डब्यांवर ताल धरला. ‘युनिक्स’ या गायकगटाच्या ‘वॉच धिस साउंड’ (१९६८) या गीतापासून त्याच्या ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला. त्याच सुमारास दोघे भाऊ ‘हिप्पी बॉइज’ या वाद्यवृंदात वाजवीत. निर्माता ली पेरी याने हा संच ‘अपसेटर्स’ या नावाने १९६९ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर नेला. पेरीकडेच मार्ली, पीटर टॉश व बनी वेलर या गायकत्रयीशी त्यांचे सूर जुळले आणि पेरीला सोडून ते वेलर्समध्ये गेले.

बॅरेटच्या वादनाचे मर्म समजण्यासाठी रेगेची लयरचना लक्षात घ्यावी लागते. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात चार मात्रांच्या आवर्तनातील पहिली मात्रा सामान्यतः ठळक असते. कार्लटनने प्रभावीपणे वापरलेल्या ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात मात्र ड्रमवरील मुख्य आघात तिसऱ्या मात्रेवर पडतो व पहिली मात्रा मोकळी राहते. आपल्याकडील श्रोत्याला जणू सम वगळून ठेका धरल्यासारखे वाटेल. गिटार व ऑर्गन मात्रांच्या मधल्या जागी तुटक आघात करतात. अशा वेळी गीताला आधार देण्याचे व त्याबरोबरच चाल पुढे नेण्याचे काम बासकडे येते. बॅरेट स्वर मोजके घेई, ते पुनःपुन्हा घोळवी आणि मधली शांतता तितक्याच काळजीने सांभाळी. बास वाजविताना आपण मंद्र पुरुषी आवाजात गातच असतो, अशी त्याची धारणा होती. म्हणूनच त्याच्या बासच्या ओळी गीतापासून वेगळ्या काढूनही गुणगुणता येतात.

‘कॅच अ फायर’ (१९७३) या वेलर्सच्या ध्वनिमुद्रिकेतील ‘काँक्रीट जंगल’ या गीतात बास वाजविणारा रॉबी शेक्सपिअर हा बॅरेटचाच शिष्य होय. टॉश व बनी वेलर १९७४ मध्ये बाहेर पडल्यानंतर बॅरेटची जबाबदारी वाढली. वादकांना त्यांचे भाग आखून देणे, तालमी घेणे, ध्वनिमुद्रणावर देखरेख ठेवणे ही कामे त्याच्याकडे होती. ‘रास्तामन व्हायब्रेशन’ (१९७६), ‘एक्सोडस’ (१९७७) इ. ध्वनिमुद्रिकांवर मात्र निर्माता म्हणून ‘बॉब मार्ली अँड द वेलर्स’ असे सामूहिक नाव छापलेले आहे. त्यात कोणाचा वाटा किती, हे त्या वेळी कोणी लिहून ठेवले नाही.

याचे मूळ जमेकातील व्यवसायपद्धतीत होते. वादकाला प्रत्येक गीतामागे एकदाच ठरावीक रक्कम मिळे. लेखाधिकार शब्द व चाल यांच्या कर्त्याला. बासची ओळ ही ‘साथ’ समजली जाई. हॅरी जे ऑलस्टार्सच्या ‘लिक्विडेटर’ (१९६९) या वाद्यगीतातील बास बॅरेटची मानली जाते. ‘स्टेपल सिंगर्स’ या अमेरिकन गायकगटाच्या, १९७२ मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचलेल्या ‘आय’ल टेक यू देअर’ या गीताची सुरुवात तिच्याशी उघड साम्य दाखविते. परंतु श्रेयात जमेकन वादकांचा उल्लेख नाही. उलट ‘हू द कॅप फिट’ या मार्लीने गायिलेल्या गीताचे कर्ते म्हणून बॅरेटबंधूंची नावे नोंदली गेली. प्रकाशनसंस्थेशी असलेल्या जुन्या करारातून सुटण्यासाठी मार्ली त्या काळात आपली गीते इतरांच्या नावे नोंदवीत असे. नाव व काम यांची अशी फारकत झाल्यावर न्यायालयाला निवाडा करणे सोपे नव्हते.

मार्ली मृत्युपत्र न करता मरण पावला. त्यानंतर दीर्घकाळ वाद चालले व १९९४ मधील तडजोडीत बॅरेटला काही लक्ष डॉलर मिळाले. आपल्याला व कार्लटनच्या वारसांना स्वामित्वधनाचा वाटा मिळावा, म्हणून त्याने युनिव्हर्सल-आयलंड ही कंपनी व मार्ली कुटुंब यांविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला, मागणी सु. ६ कोटी पौंडांची होती. मे २००६ मध्ये न्यायमूर्ती लुइसन यांनी तो फेटाळला. १९९४ च्या तडजोडीने बॅरेटने आपले हक्क सोडले होते, हे त्याचे प्रमुख कारण. निर्णय कराराच्या दृष्टीने समजण्याजोगा असला, तरी सांगीतिक श्रेयाचा प्रश्न त्याने सुटला असे म्हणता येत नाही. ‘लेजंड’ (१९८४) या मार्लीच्या निवडक गीतांच्या संग्रहाच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत आणि त्यातील बहुतेक गीतांत बास बॅरेटचीच आहे.

त्याने इतरांसाठीही बरेच काम केले. ‘बर्निंग स्पीअर’च्या ‘मार्कस गार्वी’ (१९७५) या ध्वनिमुद्रिकेत तसेच मिलोडिकावादक ऑगस्टस पाब्लो याच्या ध्वनिमुद्रणांत त्याचे वादन आढळते. आयव्हरी कोस्टचा गायक अल्फा ब्लोंडी याच्या ‘जेरुसलेम’ (१९८६) साठी वेलर्सनी साथ केली. कार्लटनचा १९८७ मध्ये किंग्स्टन येथे राहत्या घराबाहेर गोळ्या घालून खून झाला. भावाच्या पश्चात बॅरेटने वेलर्स वाद्यवृंद चालविला व जगभर दौरे केले. जमेका सरकारने २०२१ मध्ये त्याला ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ हा सन्मान दिला.

मायामी (अमेरिका) येथे त्याचे निधन झाले. त्यानंतर अकरा दिवसांनी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘बॉब मार्ली : वन लव्ह’ या चित्रपटात त्याची भूमिका त्याचा पुत्र व वेलर्सचा विद्यमान प्रमुख ॲस्टन बॅरेट (धाकटा) याने केली आहे.