बेटांच्या जखमांवर कलेची फुंकर

जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातील लहान-लहान बेटांवर २०१० पासून दर तीन वर्षांनी एक कला महोत्सव भरतो. 'सेतोउची त्रैवार्षिक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या महोत्सवाचे घोषवाक्य आहे 'समुद्राचे पुनरुज्जीवन'. त्याची सहावी आवृत्ती २०२५ मध्ये पार पडली. नयनरम्य निसर्ग आणि आधुनिक शिल्पे यांची छायाचित्रे जगभर पोहोचली असली, तरी या महोत्सवाचे मूळ सौंदर्यात नाही. ज्या बेटांना देशाच्या प्रगतीने आपल्या परसातील उकिरडा मानले, त्यांच्या दुखण्यात ते आहे.

पहिला महोत्सव सात बेटे आणि ताकामात्सु बंदराच्या परिसरात भरला. १०५ दिवसांत तेथे नऊ लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. २०१३ पासून तो वसंत, ग्रीष्म आणि शरद अशा तीन सत्रांत विभागण्यात आला. संचालक फ्राम कितागावा यांची भूमिका सुरुवातीपासून स्पष्ट आहे. कलाकृती शहरातून आणून बेटावर ठेवायची नाही, तर ती त्या जागेतून आणि तेथील माणसांच्या सहभागातून उभी राहायला हवी.

प्रवास हाही अनुभवाचा भाग

येथे एका दालनात सारे काही पाहण्याची सोय नाही. प्रेक्षक पारपत्रासारखी पुस्तिका घेतो, बोटींचे वेळापत्रक जुळवतो, चढ-उतार पायी पार करतो आणि प्रत्येक कलाकृतीपाशी पुस्तिकेवर शिक्का उमटवतो. रिकामी पडलेली घरे, बंद शाळा आणि पडीक शेते हीच येथील दालने आहेत. मार्गदर्शन, स्वच्छता, कलाकृतींची देखभाल अशी कामे 'कोएबी-ताई' हे स्वयंसेवकांचे दल करते. त्यात देश-परदेशांतील लोक असतात. बोट चुकली की पुढच्या बोटीपर्यंत थांबावे लागते आणि त्या वेळात गावकऱ्यांशी बोलणे होते. हा संथपणा आयोजकांना अभिप्रेतच आहे.

आधी न्याय, मग कला

तेशिमा बेटाची कहाणी यादृष्टीने बोलकी आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथे बेकायदा औद्योगिक कचरा टाकला जात होता. १९९० मध्ये पोलिसांनी छापा घातल्यावर तो प्रकार थांबला. पण विषारी ढीग तसाच राहिला. रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढा दिला. अखेर २००० मध्ये तडजोड झाली आणि कागावा प्रांताच्या राज्यपालांनी त्यांची माफी मागितली. २००३ ते २०१७ या काळात नऊ लाख टनांहून अधिक कचरा व दूषित माती बेटावरून हलवण्यात आली. याच बेटावर २०१० मध्ये थेंबाच्या आकाराचे, एकही खांब नसलेले तेशिमा कला संग्रहालय उभे राहिले. त्याच्या जमिनीतून पाण्याचे बारीक थेंब उमटत राहतात. भोवतालची पडीक भातखाचरेही पुन्हा लागवडीखाली आली. येथील क्रम महत्त्वाचा आहे. कलेने कचरा हटवला नाही. तो लोकांच्या लढ्याने हटला. 'कचऱ्याचे बेट' ही ओळख पुसण्यास मात्र कलेने हातभार लावला.

नव्वद वर्षांची कोंडी

ओशिमा बेटाचे दुःख याहून खोल आहे. ताकामात्सुहून बोटीने अर्ध्या तासावर असलेल्या या बेटावर १९०९ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. रुग्णांना सक्तीने समाजापासून तोडण्यात आले. अनेकांना नाव बदलावे लागले आणि त्यांच्यावर नसबंदी व गर्भपात लादले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रभावी औषध उपलब्ध होऊनही विलगीकरणाचा कायदा रद्द व्हायला १९९६ साल उजाडले. २००१ मध्ये कुमामोटो जिल्हा न्यायालयाने सरकारला दोषी ठरवले आणि सरकारने त्यावर अपील केले नाही. रुग्णांच्या कुटुंबीयांनी भोगलेल्या यातनांची दखल न्यायालयाने घेतली ती त्यानंतर, २०१९ मध्ये.

या बेटावरील कलाकृती म्हणूनच दबक्या आवाजात बोलतात. किनाऱ्यावर टाकून दिलेला काँक्रीटचा शवविच्छेदनाचा ओटा २०१० च्या महोत्सवात लोकांसमोर मांडण्यात आला. चित्रकार सेइझो ताशिमा यांनी रुग्णांच्या रिकाम्या चाळवजा घरांत एका रहिवाशाचे सत्तर वर्षांचे आयुष्य उभे केले. त्या माणसाचा उल्लेख केवळ 'एन' या अक्षराने होतो. रस्त्यांवर आखलेल्या पांढऱ्या रेषा आणि ठिकठिकाणी वाजणारे सूर ही मात्र कलाकृती नव्हे. दृष्टी गमावलेल्या रहिवाशांना वाट सापडावी, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे.

प्रदर्शन की संवाद?

इतरांचे दुःख पर्यटनाचा विषय होतो का, हा प्रश्न येथे रास्तच ठरतो. त्याचे उत्तर प्रेक्षकाच्या वागणुकीवर बरेचसे अवलंबून आहे. ओशिमावर पाहुण्यांना स्वयंसेवक वाट दाखवतात आणि इतिहास सांगतात. घरे ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत, विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र काढायचे नाही, ही साधी पथ्ये पाळली तर भेटीचे रूपांतर संवादात होते. जेथे कोणी पाऊल ठेवण्यास धजत नसे, तेथे लोक आपणहून येतात, यातच उपचाराचा अंश आहे.

महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाचा पाया घातला. तेथील कुष्ठरोगमुक्त व अपंग कलावंतांचा 'स्वरानंदवन' वाद्यवृंद रंगमंचावर उभा राहिला, तेव्हा दया नव्हे तर दाद मिळवणे हाच त्याचा आग्रह होता. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद भारतीय कायद्यांतून वगळण्यासाठी २०१९ पर्यंत थांबावे लागले.

ओगिजिमा बेटावर २०१४ मध्ये शाळा पुन्हा उघडली, कारण काही कुटुंबे मुलांसह परतली. ओशिमावर असे घडणार नाही. ज्यांना मुले होऊ दिली गेली नाहीत, त्यांचे वारस कोठून येणार? तेथील रहिवासी आता मोजकेच आणि अतिवृद्ध आहेत. त्यांच्यामागे ही आठवण कोण जपणार, हाच बेटापुढील खरा प्रश्न आहे. बोटीने येऊन ऐकून जाणारे अनोळखी लोक हेच कदाचित त्यांचे वारस ठरतील.