तुंग आणि कात्री : थाई कागद-कातरकामाचे तीन संदर्भ

उत्तर थायलंडातील लान्ना प्रदेशात एप्रिलच्या मध्यास सोंगक्रानचा उत्सव येतो. त्या वेळी विहारांच्या प्रांगणांत वाळूचे स्तूप रचण्यात येतात, आणि बांबूच्या काटक्यांना बांधलेल्या रंगीत कागदाच्या लांबट जाळ्या त्यांवर रोवल्या जातात. या जाळ्यांना 'तुंग' म्हणतात. तुंग म्हणजे ध्वज. 'सोंगक्रान' हा शब्द 'संक्रान्ति'चे थाई रूप होय, आणि वाळूच्या स्तूपाला लावला जाणारा 'चेदी' हा शब्द 'चैत्य', पाली 'चेतिय', याचे. हे शब्द मराठी वाचकास ओळखीचे वाटतील. परंतु शब्दांची ओळख म्हणजे आचाराची ओळख नव्हे. अलीकडे हेच कातरकाम कलादालनात व मानसोपचाराच्या क्षेत्रातही नेले जाऊ लागले आहे. या स्थलांतरात त्याचा अर्थ कसा बदलतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम कृती पाहू. 'तुंग साय मू' म्हणजे 'डुकराच्या आतड्याचा ध्वज'. हे नाव त्याच्या आकारावरून पडले आहे. पातळ रंगीत कागदाचे दोन ताव एकावर एक ठेवून कर्णरेषेवर दुमडतात व त्या त्रिकोणाच्या पुन्हा घड्या घालतात. मग एकदा या कडेने व एकदा त्या कडेने, अशा आळीपाळीने चिरा देतात. प्रत्येक चीर समोरच्या कडेपर्यंत पोचण्यापूर्वीच थांबवावी लागते. ती थोडी पुढे गेली की जाळी तुटते. घडी उलगडून ताव मध्यबिंदूशी उचलला की सपाट कागदाची लोंबती जाळी होते. मध्य थायलंडातील 'फुआंग महोत' या शोभेच्या माळाही याच जातीच्या. फेत्चबुरी येथील पद्धत मात्र वेगळी आहे. तेथे कागदांची चळत पाटावर ठेवून लहान छिन्न्यांनी ठोकून नक्षी पाडतात, आणि असे कागद अंत्यसंस्काराच्या सजावटीतही वापरले जातात. पहिल्या पद्धतीत कागदाचा फारसा भाग गळून पडत नाही. दुसरीत गळालेल्या भागानेच आकृती उमटते.

आता प्रयोजन. लान्ना परंपरेत तुंग ही पाहण्यापेक्षा अर्पण करण्याची वस्तू आहे. नरकात पडलेला जीव तुंगाचे टोक धरून वर येऊ शकतो, अशी तेथील श्रद्धा. म्हणून तुंग स्वतःच्या पुण्यासाठी देतात, तसाच मृत आप्तांच्या नावानेही देतात. अंत्ययात्रेच्या अग्रभागी तीन शेपटांचा तुंग नेण्याची प्रथा आहे, आणि अपघाती मृत्यू झाला असल्यास त्या जागी लाल तुंग रोवतात. तुंग कोणाच्या नावाने द्यावयाचा हे देणाऱ्यास ठाऊक असते, तो कोठे अर्पण करावयाचा हे रूढीने ठरलेले असते, आणि ऊनवाऱ्याने तो विरून गेला तरी कोणाची हानी होत नाही. दान झाले तेथेच कार्य संपते.

कलादालनात यातील बरेच उलटे होते. तेथे वस्तू टिकवावी लागते, तिला कर्त्याचे नाव लागते, आणि जीव किंवा मृत आप्त यांच्या जागी प्रेक्षक येतो. तथापि थाई समकालीन कलेने विहाराशी संबंध तोडला असे म्हणता येत नाही. १९९२ साली सुरू झालेल्या 'चियांग माय सोशल इन्स्टॉलेशन' या उपक्रमात कलाकारांनी विहारांत, स्मशानांत व रस्त्यांवर कलाकृती मांडल्या. त्यांतील एक प्रमुख कलावंत मोंतियेन बूनमा (१९५३–२०००) यांनी पत्नीच्या आजारपणाच्या व मृत्यूच्या काळात औषधी वनस्पतींचा वास हाच कलेचा घटक केला. त्यांच्या कृती कातरकामाच्या नव्हेत. परंतु विहार, व्याधी आणि कला यांचा संबंध आधुनिक भाषेत मांडता येतो, हे त्यांनी दाखविले.

उपचाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 'आर्ट थेरपी' ही संज्ञा १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने क्षयातून बरे होत असताना योजिली. थाई भाषेत तिला 'सिन्लप-बम्बत' म्हणतात. पूर्वपद संस्कृत 'शिल्प'. उत्तरपद ख्मेर भाषेतून आलेले, आणि त्याचा मूळ अर्थ 'नाहीसे करणे'. संज्ञेतच एक प्रतिज्ञा दडलेली आहे : काहीतरी नाहीसे होईल. पण काय? २०१६ साली गिरिजा कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ निरोगी प्रौढांनी ४५ मिनिटे कलाकाम केले, आणि त्यांपैकी सुमारे ७५ टक्के व्यक्तींमध्ये कॉर्टिसॉल या ताणसूचक द्रव्याचे प्रमाण घटले. परंतु तेथे साहित्य होते रंगलेखण्या, माती व चिकटचित्रे. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. आणि सहभागी रुग्ण नव्हते. यावरून 'तुंग कातरल्याने व्याधी बरी होते' असा निष्कर्ष काढणे हा तर्कदोष ठरेल.

मग काय म्हणता येईल? चीर नेमकी कोठे थांबवावयाची याकडे लक्ष गुंतते, हाताला लय मिळते, आणि उलगडताच फळ समोर येते. मन स्थिरावण्यास हे गुण अनुकूल आहेत, एवढे अनुमान वाजवी होय. मात्र हे गुण कोणत्याही देशीच्या कातरकामात आढळतील. तुंगाचा स्वतःचा विशेष निराळा आहे. शोकग्रस्त मनुष्यास तो गेलेल्या माणसासाठी अजून काही करावयास देतो, आणि ते केल्यावर सोडून द्यावयास शिकवितो. उपचारकक्षात कात्री व कागद सहज नेता येतात. ज्याच्या नावाने द्यावयाचे तो, आणि ते दान मानणारा समाज, इतक्या सहज नेता येत नाहीत. म्हणून कातरकामाचा उपयोग करू पाहणाऱ्याने 'यातून काय नाहीसे होते' या प्रश्नाबरोबर 'हे कोणासाठी कातरले जात आहे' हा प्रश्नही विचारला पाहिजे. लान्ना प्रदेशात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदाला पहिली चीर देण्यापूर्वीच ठरलेले असते.