गाडी रात्री कुठं उभी राहणार?

व्हिएतनामच्या विनफास्ट कंपनीनं जुलै २०२५ मध्ये भारतातलं आपलं पहिलं शोरूम उघडलं, ते मुंबईत नाही की दिल्लीत नाही, सुरतेत, पिपलोदला. त्याच महिन्यात टेस्लानं मुंबईच्या बीकेसीत दुकान मांडलं. सुरतकर गाडीवर पैसा टाकतो, हे एवढ्या लांबच्या लोकांनाही कळलं तर! पिपलोदहून पांडेसरा फार लांब नाही, पण मधल्या वाटेत शहर बदलतं. काचेच्या इमारती संपतात, डाइंग-प्रिंटिंग मिलांची धुराडी सुरू होतात, ताके लादलेले टेम्पो आडवे येतात आणि कानावर मराठी पडू लागतं. त्यातही खास करून अहिराणी. धुळे, नंदुरबार, जळगावातून आलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी आता इथं आहे. आजोबा मिलमध्ये कारीगर होते, वडील फोल्डिंग खात्यात सुपरवायझर झाले, मुलानं जॉबवर्कचा छोटा धंदा टाकला. आता घरात पहिली नाहीतर दुसरी गाडी यायची आहे आणि ती इलेक्ट्रिकच घ्यावी असं मुलाच्या मनात आहे.

इथून पुढे चर्चा नेहमी किमतीवर जाते. टाटांची टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांपासून आली, एमजीची कॉमेट २०२३ मध्ये ७.९८ लाखांपासून. वरच्या टोकाला मर्सिडीजची ईक्यूएस ५८०, दीड कोटीच्या पुढची. मधे बीएमडब्ल्यूची आयएक्स१, जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आलेली, आणि टेस्लाची मॉडेल वाय, साठ लाखांच्या जरा अलीकडे. ‘हप्त्यावर घेतली तर बसते की,’ असं म्हणणारा एक मित्र प्रत्येकाला असतोच. माझं म्हणणं एवढंच, की किमतीचा कागद जरा बाजूला ठेवावा आणि आधी गाडी रात्री कुठं उभी राहणार ते पाहावं.

बमरोली रोडच्या किंवा दक्षेश्वरच्या बाजूच्या सोसायट्यांत घरं एकाला एक चिकटून असतात. पुढं ओटा, ओट्यापुढं गल्ली, गल्लीत दुचाक्या. ज्याचं खालचं घर स्वतःचं आहे, त्याला भिंतीवर १५ अँपिअरचा सॉकेट काढता येतो. जो वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहतो, त्याची गाडी रस्त्यावरच झोपते. मग त्याच्यासाठी घरचं चार्जिंग ही गोष्टच उरत नाही आणि इलेक्ट्रिक गाडीचा निम्मा फायदा तिथंच संपतो.

सॉकेट काढता आला तरी काम झालं असं नाही. एका गल्लीत मी पाहिलं: खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर बाहेर काढलेली, उरलेलं वेटोळं तसंच ओट्यावर टाकलेलं आणि गाडी चार्ज होत असलेली. वेटोळ्याला हात लावला तर चांगलंच तापलेलं. टीव्ही-पंख्याची वायर सात-आठ तास सलग १५ अँपिअर ओढायला बनवलेली नसते, आणि गुंडाळलेली असली की उष्णता बाहेर पडायलाही जागा राहत नाही. यावर उपाय साधा आहे. मीटरपेटीपासून गाडीपर्यंत स्वतंत्र जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खरं अर्थिंग. जुन्या सोसायट्यांत अर्थिंग बहुधा नावालाच असतं. गाडीचा चार्जर ते आधी तपासतो. नसेल तर लाल दिवा दाखवून चार्जिंगच नाकारतो, आणि घरचे म्हणतात गाडी बिघडली. टोरंटचं मीटर असो वा दक्षिण गुजरात वीज कंपनीचं, मंजूर भार किती आहे तेही बिलावर पाहून घ्यावं.

आता याच सॉकेटवर स्वस्त आणि महाग, दोन्ही तऱ्हेच्या गाड्या लावून बघू. १५ अँपिअरच्या सॉकेटातून धडपणे तीन किलोवॉटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे तासाला तीन युनिट. टियागोची मोठी बॅटरी २४ युनिटांची. रात्री नऊला लावली की सकाळच्या चहापर्यंत भरते. आयएक्स१ ची बॅटरी ६६.४ युनिटांची; ती पूर्ण रिकामी असेल तर बावीस तास. ईक्यूएसची १०७.८ युनिटांची, दीड दिवस! म्हणजे आलिशान गाडीला आलिशान वीजजोडणीही लागते: थ्री-फेज मीटर, ११ किलोवॉटचा वॉलबॉक्स आणि तो लावायला स्वतःच्या मालकीची भिंत. पांडेसऱ्यात हे सगळं आहे, पण ते मिलच्या आवारात. शेठ राहतात वेसूला, गाडी दिवसभर मिलच्या शेडखाली उभी असते, छतावर सोलर असेल तर दुपारी तिथंच भरते. त्यांना सॉकेटचा प्रश्न कधी पडतच नाही.

पुढचा मुद्दा किलोमीटरचा, आणि इथं इलेक्ट्रिकवाले थोडं लपवतात. घरची वीज साडेसात रुपये युनिट धरली, चार्जिंगमधली घट सोडून युनिटला सात किलोमीटर धरले, तर छोट्या ईव्हीचा खर्च किलोमीटरला रुपयाच्या जरा वर येतो. सुरतेत तिची स्पर्धा पेट्रोलशी नाही, सीएनजीशी आहे; तिथं साडेतीन रुपयांच्या आसपास. म्हणजे किलोमीटरमागे बचत सव्वादोन-अडीच रुपये. तशीच सीएनजी गाडी दोन लाखांनी स्वस्त मिळत असेल, तर ते दोन लाख वसूल व्हायला ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर पळावं लागतं. पांडेसरा ते रिंग रोडचं कापड मार्केट आणि परत, एवढंच रोजचं धावणं असेल तर त्याला चौदा-पंधरा वर्षं लागतील. पण जो सकाळी सचिन, दुपारी पलसाणा, मधेच किम असा जॉबवर्कसाठी फिरतो, दिवसाला साठ किलोमीटर काढतो, त्याचे पैसे पाच वर्षांच्या आत सुटतात, आणि टियागोच्या बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे. स्वस्त ईव्ही ही पळणाऱ्याची गाडी आहे. रविवारी पुसून ठेवायची असेल तर सीएनजीच बरी.

बॅटरी भाड्यानं देण्याची टूमही याच फूटपट्टीनं मोजावी. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाखांना जाहीर झाली, पण बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळं. त्यात विजेचा रुपया-सव्वा रुपया मिळवा. सीएनजीपेक्षा महागच पडतं. कमी फिरणाऱ्याला ते परवडेल, जास्त फिरणाऱ्यानं बॅटरीसकटच घ्यावी.

मग दीड कोटीची गाडी मूर्खपणा आहे का? मुळीच नाही, पण तिचं गणित किलोमीटरवर चालत नाही, ते सीएच्या टेबलावर चालतं. ईव्हीवर जीएसटी ५ टक्के. आठ लाखांच्या गाडीवर तेवढाच, दीड कोटीच्या गाडीवरही तेवढाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांचा कर १८ टक्क्यांवर आला. मोठ्या, महागड्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के आहे. म्हणजे खालच्या थरात ईव्हीला करात १३ टक्क्यांचा फायदा आणि वरच्या थरात ३५ टक्क्यांचा! गुजरात सरकारनं २०२५-२६ साठी ईव्हीचा वाहनकर ६ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणला. दहा लाखांच्या गाडीला त्यातून पन्नास हजार सुटले, दीड कोटीच्या गाडीला साडेसात लाख.

खरी मेख घसाऱ्यात आहे. गाडी धंद्याच्या नावावर असेल तर साध्या मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, इलेक्ट्रिकवर ४० टक्के. दीड कोटीच्या गाडीवर पहिल्याच वर्षी साठ लाख खर्ची पडतात. तीस टक्क्यांच्या दरानं बघितलं तर अठरा लाखांचा कर वाचतो. दुसऱ्या वर्षी उरलेल्या नव्वद लाखांवर पुन्हा ४० टक्के. पगारदार सुपरवायझरला घसारा नाही. त्याच्यासाठी कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची सूट होती, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. गुजरातच्या २०२१ च्या धोरणातली चारचाकीची दीड लाखापर्यंतची सबसिडी १५ लाखांखालच्या गाड्यांसाठी होती. त्या धोरणाची मुदत जून २०२५ मध्ये संपली. गरजवंताच्या सवलतींना मुदत होती, शेठच्या घसाऱ्याला ती नाही. मला हे खटकतं, पण शेठनं नियमातली सूट घेऊ नये असं मी कसं म्हणणार?

शिवाय आलिशान गाडीच्या किमतीत गाडी किती आणि कर किती, हेही पाहण्यासारखं आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मर्सिडीजनं आयात केलेली एएमजी ईक्यूएस ५३ आणली, २.४५ कोटींना. पुढच्याच महिन्यात पुण्याजवळच्या चाकणला जोडलेली ईक्यूएस ५८० आली, १.५५ कोटींना. ताकदीत फरक आहे हे खरं, पण नव्वद लाखांचा नाही. बंदरावरच्या शुल्काचा त्यात मोठा वाटा. टेस्लाची मॉडेल वायही बाहेरून येते आणि तिच्या साठ लाखांतला मोठा हिस्सा आयात शुल्काचा आहे. त्यामुळे महाग म्हणजे तेवढीच भारी, असं समजू नये. उलट महिंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये चाकणचीच बीई ६ आणली, १८.९० लाखांपासून. वरच्या मॉडेलला ७९ युनिटांची बॅटरी, म्हणजे आयएक्स१ पेक्षाही मोठी.

काळजी वाटते ती मधल्या माणसाची. धंदा दोन वर्षं बरा चालला, साडूनं मोठी गाडी घेतली, म्हणून ४० लाखांचं कर्ज काढायला निघालेल्याची. नऊ टक्क्यांनी, सात वर्षांचा हप्ता महिन्याला चौसष्ट हजारांच्या वर जातो. आठ लाखांच्या कर्जाचा तेरा हजारांच्या आत. कापडाचा धंदा कसा असतो ते पांडेसऱ्यातल्या माणसाला मी सांगायला नको. दिवाळीआधी मशीन थांबत नाही आणि नंतर पेमेंट येता येत नाही. हप्त्याला मंदी कळत नाही. आणि आलिशान ईव्हीचा भाव वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात झपाट्यानं उतरतो. नव्या मॉडेलची बॅटरी मोठी आणि किंमत कमी, मग जुनीला कोण विचारतो?

आता खानदेशी माणसाचा खरा प्रश्न. शोरूममध्ये सगळं ऐकून झाल्यावर घरातली म्हातारी विचारते, “एक चार्जमा गावले जाई का?” आखाजीला, लग्नाला, कानबाईला गाव गाठायचंच असतं. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर या वाटेनं नंदुरबार दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आणि धुळे अडीचशेच्या जरा आत. टियागोच्या मोठ्या बॅटरीचा सुरुवातीचा प्रमाणित आकडा ३१५ किलोमीटरचा होता, पण तो प्रयोगशाळेतला. एसी लावून, चार माणसं आणि डिकीत गव्हाचं पोतं घेऊन हायवेला दोनशेच्या आसपास धरावं. म्हणजे नंदुरबार होतं, धुळ्याला वाटेत एकदा थांबावं लागतं. विसरवाडीनंतर कोंडाईबारीचा घाट लागतो. चढताना टक्के डोळ्यांदेखत उतरतात, परतताना उतारावर थोडे परत मिळतात. फास्ट चार्जर मिळाला तर १० ते ८० टक्के व्हायला तासभर लागतो, तेवढ्यात नवापूरला जेवण होतं. चार्जर नकाशावर असणं आणि चालू असणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. आदल्या रात्री अ‍ॅपवर बघून एक पर्यायी जागा हेरून ठेवावी आणि बॅटरीत वीस टक्के उरले असतानाच थांबावं. ईक्यूएसवाला ८५७ किलोमीटरचा आकडा सांगतो. त्यातले सहाशे खरे धरले तरी तो धुळ्याला जाऊन परत येईल. इथं मोठ्या बॅटरीचा पैसा खरोखर दिसतो. पण वर्षातून चार वेळा गावी जाण्यासाठी? तेवढ्यापुरती ताप्ती लाइनची गाडी उधन्याहून सुटतेच की.

काहीजण गाडी गावच्या पत्त्यावर, नंदुरबारच्या एमएच-३९ मध्ये नोंदवून आणतात. बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर नोंदणी बदलावी लागते, तेव्हा ही हुशारी फार टिकत नाही.

पावसाचं थोडक्यात. भेदवाडची खाडी भरली की गल्लीत पाणी येतं, हे नवीन नाही. बहुतेक ईव्हींच्या बॅटरीला आयपी६७ दर्जा असतो, म्हणजे मीटरभर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल इतपत. खाडीचं पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही. पुराचा इशारा आला की गाडी उंचावर नेऊन लावावी आणि विम्यात बॅटरीचं संरक्षण आहे का ते पॉलिसी घेतानाच वाचावं. पाण्यात राहिलेली गाडी स्वतः चालू करून पाहू नये, चार्जिंगला तर नाहीच.

आणि शेवटची चौकशी कंपनीची. सुरतेतले हिरे व्यापारी सवजी ढोलकिया यांनी २०१४ च्या दिवाळीत कामगारांना गाड्या वाटल्या, त्याचा देशभर गाजावाजा झाला. त्या फियाट पुंटो होत्या. पुढच्या एका वाटपात डॅटसन रेडी-गो. आज फियाटच्या गाड्या भारतात विकल्या जात नाहीत आणि डॅटसननं २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. फोर्डनंही भारतातलं उत्पादन थांबवलं. तिचा साणंदचा कारखाना २०२३ च्या जानेवारीत टाटांकडे गेला. पेट्रोल गाडी अनाथ झाली तर उधन्याचा मिस्त्री जुगाड करून चालवतो. बॅटरीचं सॉफ्टवेअर त्याच्या पान्यानं उघडत नाही. म्हणून नवी कंपनी असो वा जुनी, विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: सर्व्हिस सेंटर सुरतेत आहे की अहमदाबादला गाडी न्यावी लागेल, बॅटरीचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो की अख्खी पेटी, आणि गाडी विकली तर हमी पुढच्या मालकाला लागू राहते का. उत्तर तोंडी देत असेल तर कोटेशनच्या मागे लिहून, सही-शिक्का घ्यावा.