बुजगावणं

गहू कापून आठवडा झाला आहे. हॅम्पशायरमधल्या या चढावरच्या वावरात आता घोट्याइतकी धसकटं उरली आहेत, मधूनमधून पेंढ्याचे गोल भारे आणि चुनखडीच्या पांढुरक्या मातीत रुतलेल्या गारगोट्या. ऑगस्टचा शेवट, सकाळचे साडेनऊ. दव पुरतं सुकलेलं नाही, म्हणून आजोबा प्रत्येक प्लास्टिकचं कबूतर बाहीला पुसून मगच काठीवर टोचतात. "ओलं चमकतं. खरं पाखरू चमकत नाही."

आजोबा म्हणजे आमचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले. आजोबा मी मनातल्या मनात म्हणते. तोंडावर नावानंच हाक मारायची इथली रीत. मी फक्त बघायला आले आहे, बंदुकीला हात लावणार नाही, हे कालच ठरलंय.

वीसेक खोटी कबुतरं मांडायची आहेत. दोहोंमध्ये पाच-सहा पावलांचं अंतर, तोंडं साधारण वाऱ्याकडे. मी सगळी एका ओळीत लावायला घेते तेव्हा आजोबा हसतात. "परेड नको. जेवायला बसलेली दिसू देत." मग आकार जमत जातो, घोड्याच्या नालेसारखा, पोटात मोकळी जागा ठेवून. वारा आमच्या पाठीकडून येतोय आणि पाखरू वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणजे ते समोरून येणार आणि त्या मोकळ्या जागेतच उतरायला बघणार. ती जागा आमच्या लपणापासून वीस-पंचवीस पावलांवर आहे.

शेवटी यंत्र. दोन लांब, लवचिक दांड्या, दोन्हींच्या टोकाला काल मारलेलं एकेक कबूतर पंख पसरून बसवलेलं, खाली १२ व्होल्टची बॅटरी. बटण दाबताच दोन्ही मेलेली पाखरं गरगर घिरट्या घेऊ लागतात. पंखांवरचे पांढरे पट्टे लुकलुकतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी उतरतंय, म्हणजे खाली खायला आहे.

लपण म्हणजे कुंपणाच्या झाडीला टेकवलेली जाळी, तिच्यात खोचलेल्या डहाळ्या आणि बसायला दोन उपड्या बादल्या. आजोबा दुनळीत काडतुसं भरतात आणि मला एकच नियम सांगतात. "हलायचं नाही. तुला दिसायच्या आधी तू त्याला दिसलेली असतेस."

आम्ही वाट बघतो. हा बांध त्यांनी उगीच निवडलेला नाही. दोन दिवस ते दुर्बीण घेऊन समोरच्या टेकाडावर बसले होते. कबुतरांच्या आकाशात पायवाटा असतात, म्हणतात. झाडांची ओळ, कुंपणाची रेघ धरून ती येतात-जातात. ती वाट सापडली नाही तर शंभर खोटी पाखरं मांडूनही उपयोग नाही. याच जिल्ह्यात मेजर आर्ची कोट्स नावाचे गृहस्थ होऊन गेले. शेतकऱ्यांसाठी कबुतरं मारणं हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा. १९६३ साली आलेलं त्यांचं पुस्तक आजोबांच्या गाडीत असतं, पान पान सुटलेलं.

मला आमचं सोलापूरकडचं ज्वारीचं रान आठवतं. कणसात दाणा भरला की माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची, घसा बसेपर्यंत ओरडायचं. बांधावर फाटक्या सदऱ्यातलं बुजगावणं. तिथं खोटा माणूस पाखरांना हाकलायचा. इथं खोटं पाखरू पाखरांना बोलावतंय, आणि खरी माणसं श्वास धरून बसली आहेत.

झाडीवरून एक येतं. आजोबांची बंदूक अर्धी उचलली जाते आणि खाली येते. "ते नाही." ज्यांच्यासाठी बसलोय त्या वुडपिजनसारखा मानेवर पांढरा डाग नाही, पंखावर पांढरा पट्टा नाही, अंगानं जरा लहान. ही कबुतराची दुसरी जात, मारायची परवानगी नसलेली. मला काहीच कळलेलं नसतं. त्यांना ते उडण्यावरूनच कळलेलं असतं.

मग दोन येतात, वुडपिजनच. पट्टे लख्ख दिसतात. यंत्राकडे वळतात, पंख ताठ धरून घसरत खाली येतात, मोकळ्या जागेवर पाय पुढे काढतात. बार. एक कोसळतं, दुसरं झाडीपलीकडे जातं. बार विरून गेल्यावरही पिसं सावकाश उतरत राहतात. पडलेलं पाखरू उताणं आहे. आजोबा लगबगीनं जाऊन ते पालथं करतात, हनुवटीखाली काडी लावून मान उभी करतात. फिकट पोट दिसलं की वरची पाखरं बिचकतात. आता तेही जेवायला बसलंय.

अकरापर्यंत चौदा होतात. थर्मासमधला चहा ओतताना मी विचारते, "गहू तर घरी गेला. आता नुकसान कशाचं?"

ते बोटानं पलीकडचं शेत दाखवतात. मोहरीच्या कुळातलं रेपसीड तिथं नुकतं उगवलंय, दोन-दोन पानांचं. आज सांडलेला गहू टिपणारा थवा उद्या त्यावर बसेल. तिथं गॅसची तोफ ठेवली आहे, ठराविक वेळानं आपोआप धडाडणारी. पहिले दोन दिवस कबुतरं उडाली, आता मानही वर करत नाहीत. हे सगळं बोलून दाखवावं लागतं, कारण इंग्लंडमध्ये मौजेसाठी कबूतर मारता येत नाही. सरकारी परवाना पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी आहे. एप्रिल २०१९ मध्ये 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेनं कायदेशीर आव्हान दिलं आणि जुने सरसकट परवाने मागे घेतले गेले. मग नव्या अटींचे आले. "तेव्हा फार चिडलो होतो," आजोबा म्हणतात. "पण एक झालं. आता प्रत्येक वेळी कारण द्यावं लागतं. निदान स्वतःला तरी."

चहा संपवून ते एक पाखरू मांडीवर घेतात. आत्ता कुठल्या रानात चरतायत हे बघायला गळ्याखालची पिशवी उघडायची, ही त्यांची जुनी सवय. पिसं इतकी सैल की हात लागताच मुठीत येतात; बोटांवर पांढरी भुकटी बसते, चुन्यासारखी. पिशवीतून गहू ओघळतो. टपोरा, कोरडा, दळायला न्यावा असा. आजोबा समाधानानं मान हलवतात आणि दुसरं उघडतात.

त्यात गहू थोडा आहे. बाकी पांढरट, दह्याच्या कवडीसारखं काहीतरी.

ते चाकू पुसत बसतात. मी विचारत नाही तेव्हा आपणहून सांगतात. "दूध आहे. पिल्लासाठी. नर-मादी दोघांनाही येतं." इकडे वुडपिजनची वीण ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सर्वात जोरात असते, सांडलेल्या धान्याच्या भरवशावर. कापणी, वीण आणि बंदूक, तिन्हींचा हंगाम एकच. हा नर की मादी, जोडीतलं दुसरं उरलंय की सकाळच्या चौदात आहे, ते आम्हा दोघांनाही माहीत नाही. पाठीमागच्या झाडीत कुठंतरी चार काड्यांचं घरटं असणार, खालून बघितलं तर आरपार आभाळ दिसेल असं.

आजोबा चाकू मिटतात, बादलीवर नीट बसतात, बंदूक मांडीवर घेतात. यंत्र फिरतंच आहे.

टेकाडाकडून एक कबूतर येतंय. एकटंच, कुंपणाची रेघ धरून. पट्टे दिसतात, मग मानेवरचा डाग. पंख ताठ होतात. त्याच्या गळ्याखालचा फुगवटा इथून दिसतो, किंवा मला तो दिसतोय असं वाटतं. आजोबांचा खांदा वर येतो.

माझा हात जाळीला लागतो. डहाळी हलते.

कबूतर हवेतच एका अंगावर कलतं, पंखांचा फटका ऐकू येतो, आणि ते वाऱ्यावर स्वार होऊन टेकाडापलीकडे नाहीसं होतं.

आजोबा बंदूक खाली घेतात. माझ्याकडे बघत नाहीत.

"हललीस तू."

"हो," मी म्हणते.