भातखाचराच्या मातीचा प्याला

जपानच्या ओकायामा प्रांतातलं इंबे हे गाव विटांच्या धुराड्यांवरून लांबूनच ओळखू येतं. तिथल्या आमात्सु देवळाची कौलं आणि दाराशी बसलेली राखणदार सिंहांची जोडीसुद्धा भाजलेल्या मातीची आहे. ही बिझेनची माती; बिझेन हे या भागाचं जुनं नाव. मध्ययुगापासून भट्टी न विझलेली सहा कुंभारकेंद्रं जपानमध्ये मानाची समजतात, त्यांत बिझेन आहे. इथे रांजण झाले, बियाण्याची मडकी झाली, वाटणाचे खल झाले. बिझेनचा खल फेकला तरी फुटत नाही, अशी म्हणच पडली होती. आज मात्र गावातल्या दुकानांत गिऱ्हाइकाचा हात आधी जातो तो मुठीत मावणाऱ्या एका प्याल्याकडे.

हा गुइनोमी, म्हणजे साके ही तांदळाची दारू पिण्याचा प्याला. दिवसाचं काम आटोपल्यावर घरी जेवताना थोडी साके घ्यायची जपानी रीत जुनी आहे. त्या संध्याकाळच्या पिण्याला 'बानशाकु' म्हणतात. लहान सुरईत साधारण 180 मिलिलिटर साके मावते आणि ती प्याल्याप्याल्याने घ्यायची असते. सोबत कोणी असेल तर आपला प्याला आपण भरायचा नाही, शेजारच्याने भरायचा.

बिझेनच्या प्याल्यावर झिलई नसते, चित्र नसतं. त्याची सगळी मिजास माती आणि आग या दोघांवर. 'हियोसे' नावाची काळसर, चिकट माती भातखाचरांच्या तळाशी काही मीटर खोल सापडते. भात कापून झालं की हिवाळ्यात ती उकरतात आणि पुढे कित्येक वर्षं मुरत ठेवतात. या मातीत लोह आणि सेंद्रिय अंश भरपूर असतो, भाजताना ती खूप आकसते आणि घाई केली तर तडकते. म्हणून आग हळूहळू चढवायची. लाल पाइनची लाकडं पाळ्या लावून रात्रंदिवस सारत दहा दिवस ते दोन आठवडे भट्टी पेटती ठेवतात आणि उष्णता 1200 अंशांच्या वर नेतात. अशी भट्टी वर्षातून एकदा-दोनदाच लागते. ती बिघडली तर महिन्यांची मेहनत बुडाली.

भट्टी रचणं ही इथली खरी कला, असं म्हटलं तर वावगं ठरू नये. रंग कुंचल्याने भरायचा नसतो. कोणतं भांडं कुठे ठेवलं यावर तो ठरतो. जाळाजवळच्या प्याल्यावर राख उडून बसते, वितळते आणि पिवळसर ठिपके उठतात. त्यांना 'गोमा', म्हणजे तीळ म्हणतात. निखाऱ्यांत गाडला गेलेला प्याला निळसर-करडा होतो. थाळीवर प्याला ठेवून दोन्ही एकत्र भाजले, तर प्याल्याखालच्या जागी राख पोचत नाही आणि थाळीवर तांबूस गोल उमटतो. असे गोल असलेली थाळी रसिक मुद्दाम शोधतात.

'हिदासुकी' या प्रकाराची गंमत आणखी वेगळी. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये भाताचा पेंढा घालत. पेंढा जळून जाई आणि फिकट अंगावर लालभडक रेषा राहत. त्या लालीचं कोडं ओकायामातल्या संशोधकांनी सोडवलं. पेंढ्यातलं पोटॅशियम मातीशी संयोग पावतं, त्यातून कोरंडमचे बारीक स्फटिक तयार होतात आणि त्यांच्याभोवती लोहाच्या ऑक्साइडचा लाल थर वाढतो. कोरंडम म्हणजे माणिक ज्या खनिजाचं असतं तेच. जळून गेलेल्या पेंढ्याने एवढं करून ठेवावं, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

सोळाव्या शतकात चहाविधीच्या आचार्यांनी ही उघडी, राकट भांडी डोक्यावर घेतली. पुढे गुळगुळीत पोर्सेलिन आलं आणि बिझेनला उतरती कळा लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या मेइजी काळात तर सांडपाण्याचे नळ आणि विटा करून गावाला दिवस काढावे लागले. त्यातून वाट काढली ती कानेशिगे तोयो (1896–1967) यांनी. नाजूक मातीच्या मूर्ती घडवण्यात नाव कमावलेला हा माणूस ते सोडून जुन्या चहाभांड्यांची माती आणि भाजणी धुंडाळू लागला. 1952 साली कुंभार रोसानजिन आणि शिल्पकार इसामू नोगुची त्यांच्याकडे येऊन काम करून गेले. 1956 मध्ये सरकारने तोयोंना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. त्यांच्यानंतर बिझेनच्या आणखी चार कुंभारांना तो मिळाला. एका गावाच्या कारागिरीला पाच वेळा असा मान मिळणं ही लहान गोष्ट नव्हे.

नामवंतांचा रांजण सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो. प्याल्याचं तसं नाही. तरुण कुंभाराचा गुइनोमी काही हजार येनमध्ये मिळतो, आणि त्यात तीच माती, तीच भट्टी, तोच दोन आठवड्यांचा जागर असतो. म्हणूनच जाणकार विकत घेताना प्याला उलटा करतात: बुड कसं कापलं आहे, कुंभाराची खूण कुठे आहे, बोटं कुठे टेकतात, काठ ओठाला बोचतो का. शेल्फवरून बघून हे कळत नाही.

ओकायामाहून आको मार्गाची गाडी इंबेला जाते आणि ऑक्टोबरमध्ये तिथे भांड्यांची मोठी जत्रा भरते. जपानला जाणाऱ्यांनी एक दिवस त्यासाठी जरूर काढावा. प्याला घरी आणला की आधी पाण्यात भिजत ठेवावा, प्रत्येक वेळी ओला करून वापरावा, हाताने धुवावा आणि पूर्ण सुकल्यावरच कपाटात ठेवावा. ओलाच बंद केला तर बुरशी धरते.