एक सिलिंडर मुका झाला की

वेल्ह्याहून निघालेला रस्ता विंझर, मार्गासनी, आंबवणे करत नसरापूरला येतो आणि चेलाडी फाट्यावर पुणे-सातारा महामार्गाला मिळतो. भोरचा रस्ता कापूरहोळला मिळतो. पहाटे या दोन्ही रस्त्यांवर पिकअप धावताना दिसतात. कुणात दुधाचे कॅन, कुणात मार्केट यार्डाकडे निघालेली भाजी, सुगीनंतर इंद्रायणी आणि आंबेमोहोराची पोती. परतताना पेंड, खत, सिमेंट आणि लग्नसराईत मांडवाचं सामान. हिर्डस मावळ, रोहिड खोरं, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानद खोरं ही नावं शिवकाळापासूनची. या खोऱ्यांतल्या वाड्या-वस्त्यांचा माल आज पिकअपवरच हलतो, आणि त्या गाड्यांत कर्जाचे हप्ते फिटून वर्षं लोटलेल्या जुन्या गाड्याही पुष्कळ आहेत.

अशी गाडी एक दिवस उभ्या जागी हलायला लागते. गिअर लिव्हर थरथरतो, आरसा इतका कापतो की मागचं काही दिसत नाही, सायलेन्सरचा आवाज एकसारखा न येता मधेच अडखळतो. रस्त्याला लागल्यावर वेग घेतला की दुखणं लपतं. पण वरंधा घाटात किंवा पाबे घाटात भरल्या गाडीने दुसरा गिअर टाकला की ते पुन्हा वर येतं. मालक गॅरेजमध्ये येऊन एवढंच म्हणतो, ‘गाडी मिसिंग करतेय.’ या तीन शब्दांतून नेमकं कारण शोधणं ही मोठी कारागिरी आहे आणि भोर-वेल्ह्याच्या रस्त्यालगतच्या पत्र्याच्या गॅरेजांत ती अजून टिकून आहे. वेल्हे तालुक्याचं नाव बदलून आता राजगड झालं असलं, तरी गाड्यांच्या तक्रारी त्याच आहेत.

महिंद्राच्या जुन्या बोलेरो पिकअपमधलं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं. उभ्या गाडीत ते मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं असं धरलं, तर चार स्ट्रोकच्या हिशेबाने प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. चारही मिळून १६०० ठोके होतात. ते १-३-४-२ अशा क्रमाने, सारख्या अंतराने आणि सारख्या जोराने पडले तरच इंजिन शांत चालतं. एक सिलिंडर मुका झाला, म्हणजे पेटेनासा झाला, की उरलेल्या तिघांना त्याचं ओझंही ओढावं लागतं. छोटा हत्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसचा प्रकार याहून अवघड. २००५ मध्ये आलेल्या पहिल्या एसला ७०२ सीसीचं, दोनच सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. तिथे एक सिलिंडर गेला की निम्मी ताकद गेली.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्याच क्षणी नोझल डिझेलचा बारीक फवारा आत सोडतं. जुन्या डीआय इंजिनांत हे नोझल साधारण २०० बार किंवा त्याहून जास्त दाबाला उघडतं. म्हणजे तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पुरेशी दाबलेली हवा, बारीक फवाऱ्यातलं नेमकं डिझेल आणि अचूक वेळ. यांतली एक चुकली की ठोका चुकतो. निदानाची सगळी शिस्त या तिन्हींपैकी काय चुकलं ते शोधण्यासाठी आहे.

या विद्येला पुण्याच्या परिसरात जुना वारसा आहे. रुडॉल्फ डिझेल यांना जर्मनीत पेटंट मिळालं १८९३ मध्ये. पण हे इंजिन मोटारीत बसण्याइतकं लहान आणि चपळ व्हायला बॉश कंपनीचा इंजेक्शन पंप यावा लागला. तो १९२७ मध्ये कारखान्यातून बाहेर पडू लागला. त्याच बॉशची भारतातली शाखा म्हणजे १९५१ ची मायको. तिची नोझलं नाशिकच्या कारखान्यात बनू लागली. गॅरेजांत आजही जुनी माणसं पंपाला आणि नोझलाला मायकोच म्हणतात. इकडे पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि तिची इंजिनं नदीकाठच्या पाणी उपशावर बसली. पुढे आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर आणि ट्रॅक्स गावोगाव फिरली. पाणी उपशाच्या इंजिनाची एअर, म्हणजे इंधनात अडकलेली हवा, काढता येणारा माणूस गाडीच्या इंजिनापाशीही अडत नसे, कारण तत्त्व तेच होतं.

चांगला मेकॅनिक आधी पान्याला हात लावत नाही, तो विचारतो. गाडी फक्त सकाळी थंड असतानाच हलते, की तापल्यावरही? डिझेल कुठे भरलं होतं? नुकताच फिल्टर बदलला का? उतारावर उभी केली होती का? उत्तरातच अर्धं निदान असतं. मार्गशीर्षातल्या थंडीत पहिली दोन-चार मिनिटं थरथरून नंतर सुरळीत होणाऱ्या गाडीत कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याची ताकद, उतरल्याचा संशय आधी घ्यावा. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तेही तपासावेत. फिल्टर बदलल्यानंतर सुरू झालेली थरथर बहुतेक वेळा आत राहिलेल्या हवेची असते. टाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली, तर डिझेलमध्ये पाणी आहे का ते पाहायचं.

त्यानंतर धूर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी; कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर मातीने भरला असला, तरी तो येतो. निळसर धूर ऑइल जळतंय हे सांगतो. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर ही मुक्या सिलिंडरची खूण: डिझेल आत जातंय, पण पेटत नाही. पांढऱ्या वाफेबरोबर रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एक फसवं दुखणं इथेच वेगळं काढावं लागतं. गाडी जोरात हलते, पण सायलेन्सरचे ठोके मात्र एकसारखे पडतात. अशा वेळी इंजिन ठणठणीत असतं. गेलेलं असतं ते फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर. खड्ड्यांत आणि भरल्या वजनात ते फाटतं. एवढी साधी गोष्ट न पाहता नोझलं उतरवली, तर मालकाचे पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

मग इंधनाचा रस्ता टाकीपासून तपासायचा. इथल्या पावसात तो विशेष महत्त्वाचा. पेट्रोल पंप लांब असलेल्या वाड्यांवर डिझेल कॅनमध्ये साठवलं जातं. अर्धवट रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं की पाणी खाली बसलेलं स्पष्ट दिसतं. हवा शोधण्याची युक्तीही साधी आहे. पंपाच्या परतीच्या नळीला काही वेळ पारदर्शक नळी जोडायची. त्यात बुडबुडे धावताना दिसले, तर टाकी आणि पंप यांच्या मधे कुठेतरी हवा शिरतेय. चेसीवर घासून चिरलेली रबरी नळी, सैल क्लिप, पुन्हा पुन्हा वापरलेला बॅन्जो बोल्टचा तांब्याचा वायसर अशा किरकोळ वस्तू तिथे सापडतात. डिझेल बाहेर गळत नाही म्हणून नळी चांगली, असं धरून चालत नाही. या भागात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे फट असली की डिझेल न गळता हवा आत शिरते.

एवढं करूनही ठोका चुकत असेल, तर मुका सिलिंडर कोणता ते शोधायचं. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर त्यासाठी सतराचा पाना लागतो. इंजिन चालू ठेवून पहिल्या नोझलाच्या पाइपाचा नट जरासा सैल करतात. डिझेल तिथेच झिरपतं, नोझलापर्यंत दाब पोहोचत नाही, सिलिंडर बंद पडतो. इंजिन लगेच खाली बसलं, आवाज बदलला, तर तो सिलिंडर काम करत होता. नट आवळायचा आणि दुसऱ्यावर जायचं. असं करत ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो मुका. मेकॅनिक या वेळी एक हात टॅपेट कव्हरवर ठेवून असतो. कानांआधी त्याच्या तळव्याला फरक कळतो. नटावर फडकं धरतात आणि बोट फवाऱ्यासमोर कधीच आणत नाहीत. या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली, तरी तत्काळ दवाखाना गाठावा लागतो.

मुका सिलिंडर सापडला म्हणजे नोझल खराब ठरलं, असं मात्र नाही. घाई इथेच नडते. समजा तिसरा सिलिंडर मुका आहे. तिसऱ्याचं नोझल काढून पहिल्यात बसवायचं, पहिल्याचं तिसऱ्यात, दोन्हीकडे नवे तांब्याचे वायसर टाकून. पुन्हा तीच चाचणी घ्यायची. आता पहिला मुका झाला, तर दोष नोझलाबरोबर हलला, नोझलच गुन्हेगार. तिसराच मुका राहिला, तर नोझल निर्दोष. मग टॅपेटचं अंतर, व्हॉल्व्ह, रिंगा, गॅस्केट यांच्याकडे वळायचं आणि कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरांचे आकडे शेजारी शेजारी लिहायचे. आकडा एकाच सिलिंडरचा पडला असेल, तर हेड उघडायला ठोस कारण मिळतं. कॉम्प्रेशनही चांगलं निघालं, तरच पंपाची पाळी येते. पंपाची रचना माहीत असणं इथे उपयोगी पडतं. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळा एलिमेंट असतो, म्हणून एकच झिजून एकच सिलिंडर अडखळू शकतो. रोटरी पंपात एकच प्लंजर चौघांना वाटप करतो. तो झिजला की बहुधा सगळेच सिलिंडर कुरकुरतात.

काढलेलं नोझल टेस्टिंगला जातं. टेस्टिंगचं यंत्र म्हणजे हाताचा दांडा, दाबाचा काटा आणि समोर उलटं टांगलेलं नोझल. दांडा हळू दाबला की काटा चढतो आणि ठरलेल्या आकड्याला नोझल उघडतं. चांगलं नोझल किर्र असा आवाज करत धुक्यासारखा फवारा सोडतं आणि टोक कोरडं ठेवतं. बिघडलेलं नोझल धार सोडतं किंवा टोकाशी थेंब धरून बसतं. हा थेंब मोठा घातक असतो. तो नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतो आणि खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरून तिथलं ऑइल पातळ करतो. डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं, तर आनंद मानायचं कारण नाही. धार पिस्टनच्या एकाच जागी पडत राहिली, तर पिस्टनला भोकही पडतं.

याच कारणासाठी एका सवयीला ठाम विरोध करायला हवा. गाडी स्लोवर, म्हणजे उभ्या जागी, हलते म्हणून पंपावरचा स्क्रू फिरवून रनिंग वाढवून दिली जाते. फेरे वाढले की थरथर दबते, मालक खूश होऊन जातो. दोष तसाच राहतो आणि डिझेल जास्त जळतं ते वेगळं. दुसरी सवय म्हणजे तपासणी न करता चारही नोझलं नवी टाकणं. या दोन्ही गोष्टी निदानात मोडत नाहीत.

नव्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. देशभर प्रदूषणाचं बीएस-४ मानक एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झालं. त्याबरोबर कॉमन रेल पंप सर्वत्र आले. त्यांच्यात दाब १६०० बारच्या घरात जातो. अशा चालू इंजिनावर नट सैल करायचा नाही. ते जिवावर बेतू शकतं. तिथे स्कॅनर लावतात. पी०३०१ ते पी०३०४ या कोडमधला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. शिवाय प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडून कोणाचं डिझेल जास्त परत येतं ते पाहतात. पेट्रोल किंवा सीएनजीवरच्या छोट्या गाड्यांत संशयित बदलतात: प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडी. कोड सिलिंडर दाखवतो, कारण मात्र दाखवत नाही. दोन सिलिंडरांची कॉइल आपसात बदलून दोष हलतो का हे पाहण्याची जुनी रीत तिथेही चालते.

आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला स्कॅनर हाताळता येतो. तळव्याने ठोका ओळखणं मात्र त्याला जुन्या गॅरेजमध्येच मिळतं. जुन्या पिकअप रस्त्यावर आहेत तोवर या दोन्ही विद्या एका छपराखाली राहिल्या पाहिजेत, आणि त्यासाठी गॅरेजवाल्यांनी शिकाऊ मुलांना नुसतं धुलाई-ग्रीसिंगला न जुंपता नट सैल करण्याच्या चाचणीला शेजारी उभं करायला हवं.

मालकांनाही थोडं करता येईल. रोहिणी नक्षत्राआधी डिझेल फिल्टर बदलून घ्या, पावसाळाभर अधूनमधून त्याच्या तळचं पाणी सोडा, रात्री टाकी रिकामी ठेवू नका, कॅनमधलं डिझेल गाळूनच भरा. गाडी हलू लागली, तर ती कधी हलते आणि धूर कसा येतो हे मेकॅनिकला नीट सांगा. आणि तो पंप उतरवायला निघाला, तर आधी एकच विचारा: मुका सिलिंडर कितवा आहे?