कर्णेश्वराचे छत खाली का येत नाही?

मुंबई-गोवा महामार्गाने रत्नागिरीकडे येताना संगमेश्वर लागते. शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावरील या गावापासून थोडे आत कसबा नावाचे खेडे आहे. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराज येथे मोगलांच्या हाती सापडले, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचलेच असेल. ती घटना घडली तेव्हा येथील कर्णेश्वराचे मंदिर काही शतके जुने झालेले होते. आजही ते उभे आहे. आजूबाजूच्या झाडीत मात्र अशाच कित्येक लहान देवळांचे नुसते दगड उरले आहेत. काही टिकली आणि काही कोसळली, असे का?

मंदिर कर्ण नावाच्या चालुक्य राजाने बांधले असे स्थलपुराण सांगते व त्या राजाचा काळ सातव्या शतकात नेते. घडण पाहता मात्र ते अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचे वाटते. गावात विचाराल तर ‘हेमाडपंती’ असे उत्तर मिळेल. वास्तविक हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री, आणि अंबरनाथच्या याच परंपरेतील शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे! नाव रूढ झाले ते झाले.

प्रथम दगड पाहा. रत्नागिरीकडील घरे, गडगे, विहिरी जांभ्या चिऱ्यांच्या असतात. मंदिर मात्र काळ्या दगडाचे, म्हणजे बेसाल्टचे आहे. गंमत अशी की, जांभा हे या बेसाल्टचेच अपत्य होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून काळा दगड तयार झाला. पुढे उष्ण व पावसाळी हवेत त्यातील सिलिका झिरपून गेली, लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली आणि सच्छिद्र जांभा बनला. खाणीतून ताजा निघालेला जांभा मऊ असतो व हवेत कडक होतो, त्यामुळे चिरे पाडणे सोपे. पण त्यावर बोटाएवढी मूर्ती कोरू म्हटले तर छिद्रे आडवी येतात. बारीक कणांच्या काळ्या दगडावर नाक, डोळे, दागिन्यांचे मणीसुद्धा उमटतात. मात्र त्याचा एक घनमीटर तुकडा जवळजवळ ३ टन भरतो. एवढे वजन डोक्यावर तोलून धरायचे कसे, हाच स्थपतीपुढील खरा प्रश्न होता.

एक खडू घ्या. दोन्ही टोकांकडून लांबीच्या दिशेने दाबा. तो सहसा दाद देत नाही. आता तोच वाकवा. कट्! वाकताना त्याची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. दगडाचेही असेच आहे. दाब तो भरपूर सोसतो, ताण मात्र त्याच्या साधारण एक-दशांशच. म्हणून दगडी खांब कितीही भार घेईल, पण दोन खांबांवर आडवी टाकलेली तुळई लांब करता येत नाही. तिची जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर स्वतःच्याच वजनाने तिच्यात निर्माण होणारा ताण चौपट होतो. मंडपात खांबांची एवढी दाटी का, ते आता कळेल. खांबाच्या माथ्यावर चारी दिशांना बाहेर आलेले दगडी हस्तही केवळ शोभेचे नव्हेत. ते तुळईचे अंतर दोन्हीकडून कमी करतात.

तरीही मंडपाच्या मधोमध मोकळी जागा हवीच. तेथे मान वर करून पाहा. एकावर एक दगडी कडी रचलेली, प्रत्येक कडे खालच्यापेक्षा थोडे आत सरकलेले, आणि शेवटी मध्यावर कोरीव फूल. या रचनेला ‘कदलीकरण’ म्हणतात. घरी सारख्या आकाराची पाच पुस्तके घेऊन टेबलाच्या कडेवर रचा. सर्वांत वरचे पुस्तक आपल्या खालच्याच्या बाहेर निम्मे, दुसरे पाव, तिसरे एक-षष्ठांश, चौथे एक-अष्टमांश, आणि तळचे टेबलाबाहेर एक-दशांश. बेरीज एकापेक्षा जास्त येते, म्हणजे वरचे पुस्तक पूर्णपणे टेबलाबाहेर असते! प्रत्येक अंतर किंचित कमीच ठेवा, नाहीतर सारी पुस्तके पायावर येतील. प्रत्येक टप्प्यावर गुरुत्वमध्य आधाराच्या आत राहिला पाहिजे, एवढीच अट. छतातील दगडांना आणखी दोन मदती मिळतात. त्यांच्या मागच्या टोकांवर वरचा भार असतो, आणि कड्यातील दगड आत घसरू लागले तर एकमेकांनाच अडवतात.

याच जिल्ह्यात दाभोळला आदिलशाहीच्या काळातील मशीद आहे. तिच्यात कमानी व घुमट आहेत. कमान मोठे अंतर सहज ओलांडते, परंतु ती पाय बाहेरच्या बाजूला रेटते. त्या रेट्यासाठी जाड भिंती व चांगला चुना लागतो. युरोपातील मध्ययुगीन गावांतल्या चर्चच्या भिंतींना बाहेरून जे दगडी टेकू दिसतात, ते याच रेट्यासाठी. कर्णेश्वरासारख्या मंदिरात भार मुख्यतः सरळ खाली जातो. म्हणून असे दगड सहसा चुन्यावाचून, वजन व घर्षण यांच्या बळावर बसवलेले असतात. माझ्या मते ही पद्धत खर्चिक खरी, दगडही फार खाते. पण तिच्यात बिघडण्यासारखे थोडे असते.

बिघडते ते वेगळ्याच कारणाने. या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळाचे बी सांध्यात पडते, ओल मिळते, मूळ जाड होते आणि पाचरीसारखे दगड बाजूला सारते. वजन आणि घर्षण यांवर विसंबलेल्या इमारतीत एक दगड सरकला की वरच्याचा आधार गेला. झाडीतील पडक्या देवळांवर अशी मुळे तुम्हांला बोटाने दाखवता येतील. रोप वीतभर असताना काढणे सोपे. खोड झाल्यावर ते उपटले तर दगडही सोबत येतात.

दुसरा शत्रू आपण स्वतः. सांधे बुजवायला सिमेंट थापले की आत शिरलेल्या पाण्याची बाहेरची वाट बंद होते, आणि सिमेंटमधील क्षार दगडात शिरून पापुद्रे सुटू लागतात. मूर्तींवर तैलरंग फासला तर आठ-नऊ शतके शाबूत राहिलेल्या छिन्नीच्या खुणा एका दिवसात बुजतात. तो रंग पुढे खरवडून काढणे रंगवण्याहून घातक ठरते. तुमच्या गावात असे जुने देऊळ असेल तर पावसाळा संपताच त्याच्या शिखराकडे एकदा नीट पाहा. हिरवे काही दिसले तर शिक्षकांना आणि देवस्थानच्या मंडळींना सांगा, पण स्वतः वर चढू नका.